दडे विमानाचे की डेंग्यूचे?



गेल्या ऑगस्टमध्ये सुट्टी संपवून पुण्याहून कुवेतला परतलो आणि तिसऱ्याच दिवशी ताप भरला. डेंग्यू निघाला. आठवड्याभरात ताप उतरला, प्लेटलेट्स वर आल्या, घरात सगळ्यांनी हुश्श केलं. मग एका सकाळी आईचा फोन आला. नेहमीसारखा डाव्या कानाला लावला तर आवाजच नाही, नुसती बारीक शिट्टी. आधी मोबाइल रीस्टार्ट केला (सवय, दुसरं काय!). उजव्या कानाला लावला तर आई खणखणीत.

जवळच्या क्लिनिकमध्ये सांगितलं, "विमानामुळे दडे बसलेत, थेंब घाला, आठवड्याने या." मलाही पटलं. विमानातून उतरून दहा दिवस झाले होते हा साधा हिशोब मी इंजिनीअर असूनही केला नाही!

सांगलीची मावसबहीण कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. तिने फोनवरच विचारलं, "दादा, तोंड मिटून गुणगुण बघू. आवाज कुठल्या कानात मोठा वाटतो?" म्हटलं, चांगल्या कानात. "मग मळ नाही, दडेही नाहीत. ते असते तर बंद कानात मोठा वाटला असता. नसेचा प्रकार दिसतोय, आजच ऑडिओमेट्री कर."

डेंग्यू, चिकुनगुन्यानंतर असं अचानक ऐकू कमी येणं दुर्मिळ आहे, पण अशा केसेस नोंदलेल्या आहेत. विषाणू आतल्या कानाला थेट इजा करतो की आपलीच प्रतिकारशक्ती, यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. तीन दिवसांच्या आत, लागोपाठच्या तीन फ्रीक्वेन्सींवर 30 डेसिबल घट झाली की ती तातडीची केस. काहींचं आपोआप सुधारतं, पण स्टेरॉइड द्यायचं तर पहिल्या दोन आठवड्यांत दिलेलं बरं. म्हणजे "आठवड्याने या" यातच अर्धी मुदत गेली असती. अर्थात डेंग्यूनंतर स्टेरॉइड द्यायचं की नाही हे डॉक्टरच ठरवणार, कपाटातल्या गोळ्या काढून स्वतःवर प्रयोग नकोत. ॲस्पिरिन तर डेंग्यूत रक्तस्रावाच्या धोक्यामुळे वर्ज्यच, शिवाय जास्त डोसने त्यानेही कानात शिट्ट्या वाजतात.

चिकुनगुन्या आपल्याला नवा नाही. 1973 साली बार्शीला साथ आली होती. मग तीसेक वर्षं शांतता आणि 2006 मध्ये पुन्हा अख्ख्या महाराष्ट्रात. तेव्हा आमच्या सोलापूरकडे गल्लीच्या गल्ली वाकून चालायची. गुडघ्यांबद्दल सगळे बोलायचे, कानाबद्दल कुणी बोलल्याचं आठवत नाही.

खरं सांगायचं तर मी त्या क्लिनिकला फारसा दोष देत नाही. आपण जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात गावी जातो. डास चावल्यावर ताप यायला साधारण 4 ते 10 दिवस लागतात, म्हणजे डास तिकडचा आणि ताप इकडे. बाहेर रखरखीत ऊन असताना इथल्या डॉक्टरला डास कसा सुचणार? भारतातून कधी आलो, ताप कधी आला, कान कधी गेला, या तीन तारखा आपणच सांगायला हव्यात. पपईच्या पानांच्या रसाचे मेसेज आपण किती उत्साहाने फॉरवर्ड करतो! त्यात ही एक ओळ कुणी घालत नाही.

माझा कान तीन आठवड्यांत बराचसा परत आला. वरच्या फ्रीक्वेन्सींवर ऑडिओग्रामची रेघ अजून थोडी खाली झुकलेली आहे. आईचा फोन मात्र आता उजव्याच कानाला लागतो.

सालमियाहून,
आपला एक सभासद