सोंगाड्याला आई द्या

स्किटमधलं एखादं पात्र गाजलं की त्याच्यावर दोन अंकी नाटक बेतायचा मोह होतो. तालमीत मग कळतं, की सात मिनिटांत हशा वसूल करणारी फेंगडी चाल आणि तेच ते पालुपद तासाभरात विटतं. खापर नटावर फुटतं. आमच्या मते दोष संहितेचा असतो.

नगर जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. संगमनेरच्या कांताबाई सातारकरांच्या फडात त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर सोंगाड्या म्हणून गाजले आणि फडाची धुराही त्यांनीच वाहिली. रात्र सोंगाड्या तोलून धरतो, हे तमाशावाल्याला सांगावं लागत नाही. तरीही वग राजाचा असतो. राज्य राजाचं जातं, वनवास राणीला घडतो. सोंगाड्याचं काहीच जात नाही, म्हणून तर तो राजालाही वाट्टेल ते बोलतो. त्याला नायक करताना ही मोकळीक आपण काढून घेतो. बदल्यात काय देतो?

वसंत सबनीसांनी आई दिली. त्यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’तल्या हवालदारामुळे दादा कोंडके घराघरांत पोचले होते. १९७१च्या ‘सोंगाड्या’ चित्रपटात सबनीसांनी दादांच्या नाम्याचा बावळटपणा तसूभरही कमी केला नाही, समोर रत्नमालांची खमकी आये उभी केली. तमाशाच्या नादापायी नाम्याचं घर सुटतं. बावळटाला आता गमावण्यासारखं काहीतरी आहे, आणि तिथून पुढे प्रेक्षक हसता हसता त्याची काळजीही करू लागतो.

दुसरी वाट नगरच्याच महाविद्यालयात इंग्रजी शिकवलेल्या मधुकर तोरडमलांची. ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’मधले त्यांचे प्रा. बारटक्के ऐन शब्दाच्या जागी ‘ह’ची बाराखडी टाकतात आणि गाळलेली जागा भरायचं काम प्रेक्षकावर सोडतात. लकब तीच, पण प्रत्येक वाक्य नवं कोडं. (भरलेला शब्द बहुधा चावट निघतो, त्याची जबाबदारीही प्रेक्षकाचीच!) ही वाट मात्र अवघड. इथे लिहिणारा आणि बोलणारा एकच होता, त्यामुळे विरामाची जागा कागदावरच ठरत होती.

आपल्यापैकी बहुतेकांना पहिलीच वाट धरावी लागेल. वाचनाला बसाल तेव्हा पात्राची लकब खोडून एक प्रवेश वाचून पाहा. त्याला काय हवंय आणि ते कोण अडवतंय, एवढं तरी ऐकू आलं पाहिजे. नाही आलं, तर नेपथ्याचा खर्च करण्याआधी लेखकाला पुन्हा बसवा.