अपघाताची मुदत आणि इजेची मुदत

रस्त्यावरील अपघाताचे एक ठरीव चित्र समाजमनात असते: मोडलेले वाहन, सांडलेले रक्त आणि भोवती जमलेली गर्दी. ज्याला उठून उभे राहता आले तो वाचला, असे समजून गर्दी पांगते. दुचाकीवरून पडलेला मनुष्य कपड्यांवरची धूळ झटकतो, समोरच्याकडून गाडीच्या दुरुस्तीपुरते पैसे घेतो आणि प्रकरण मिटले असे मानून घरी जातो. परंतु शरीराच्या लेखी ते प्रकरण मिटलेले असतेच असे नाही.

वैद्यकशास्त्राला ही गोष्ट नवी नाही. डोक्याला बसलेल्या किरकोळ मारानेही मेंदूच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साचत जाते आणि, विशेषतः वृद्धांच्या बाबतीत, त्याची लक्षणे कित्येक आठवड्यांनी दिसू लागतात. डोके दुखते, विस्मरण होते, चालताना तोल जातो; घरची माणसे मात्र त्याला म्हातारपण समजतात. डोक्याच्या गंभीर दुखापतीनंतर फेफऱ्याचा पहिला झटका काही महिन्यांनी, प्रसंगी काही वर्षांनीही येतो. मनाच्या जखमेचेही तेच. आघातानंतरच्या मानसिक विकाराचा एक प्रकार असा आहे, की त्याची सर्व लक्षणे घटनेनंतर किमान सहा महिने उलटल्यावरच प्रकट होतात. रोगनिदानाच्या मान्यताप्राप्त ग्रंथात त्याची तशी नोंद आहे.

नेमक्या याच सहा महिन्यांपाशी कायद्याने आपले दार लावून घेतले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात भरपाईच्या अर्जास सहा महिन्यांची मुदत होती. पुरेसे कारण दाखविल्यास न्यायाधिकरण बारा महिन्यांपर्यंतचा अर्ज स्वीकारू शकत असे. १९९४ च्या दुरुस्तीने ही मुदतच रद्द केली. २०१९ च्या दुरुस्तीने ती पुन्हा आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती अमलात आली. या वेळी मात्र विलंब माफ करण्याची जुनी सवलत कलमात ठेवण्यात आली नाही. या तरतुदीला आव्हान देण्यात आले असून, केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. हा आदेश स्वागतार्ह खराच. पण अंतरिम आदेशाने कायद्याचे शब्द बदलत नाहीत.

मुदतीच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही, असे नव्हे. वर्षानुवर्षांनी दाखल होणाऱ्या दाव्यांत साक्षीदार सापडत नाहीत, कागद गहाळ होतात आणि बनावट दाव्यांना वाव मिळतो, ही विमा कंपन्यांची तक्रार निराधार म्हणता येणार नाही. पोलिसांनी तीन महिन्यांत पाठवावयाचा अहवाल हाच अर्ज मानण्याची सोय नव्या कायद्यात आहे, असेही सांगितले जाते. परंतु ज्या अपघाताची पोलिसांत नोंदच झाली नाही, त्याचा अहवाल कोण पाठविणार? आणि जी इजा तोवर प्रकटच झालेली नाही, ती अहवालात कोठून येणार?

मार्ग शोधण्यासाठी दूर जावयास नको. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याने दाव्यास मुदत दिली आणि पुरेशा कारणास्तव त्यानंतरचा दावा स्वीकारण्याचा अधिकारही ठेवला. व्यवसायजन्य रोगाच्या बाबतीत तर रोगाने मनुष्य कामावरून सतत गैरहजर राहू लागला, तो पहिला दिवस अपघाताचा मानला. शरीराची हानी उशिरा उमगते हे परकीय अमदानीत ज्या कायद्याला समजले, ते स्वतंत्र भारताच्या कायद्याला समजू नये, हे नवल होय. मुदत खुशाल असावी. पण इजा उशिरा प्रकट झाल्याचे वैद्यकीय पुराव्याने सिद्ध झाल्यास ती त्या दिवसापासून मोजावी. निदान विलंब माफ करण्याचा अधिकार तरी न्यायाधिकरणाला परत द्यावा.

प्रश्न मूठभरांचा नाही. सरकारी अहवालानुसार एकट्या २०२२ या वर्षात देशातील रस्त्यांवर ४,४३,३६६ माणसे जखमी झाली. नोंदच न झालेल्यांची गणती यात नाही.

कायदा सुधारेपर्यंत जखमींनी स्वतःचे रक्षण करावयास हवे. मार किरकोळ वाटला तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी व त्यांना अपघाताची नोंद करावयास सांगावी. पोलिसांत खबर द्यावी, चिठ्ठ्या व पावत्या जपाव्यात आणि ‘यापुढे काही मागणे नाही’ अशा मजकुरावर रस्त्यातच सही करू नये. पुढे त्रास उद्भवल्यास तो अपघातापासूनचा आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. वकिलाचा सल्ला हा भांडखोरपणा नव्हे. ज्यांना तो परवडत नाही, अशा पात्र व्यक्तींसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात दावा करता येतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

भरपाईने गेलेली स्मृती परत येत नाही, की थरथरणारा हात स्थिर होत नाही. तिने औषधपाणी चालते आणि घरची चूल पेटती राहते. एवढेही नाकारताना, ‘तुमचे दुखणे उशिरा आले’ हे कारण पुढे करणे कोणत्याही न्यायव्यवस्थेला शोभणारे नाही.