टेम्पोची लाज कोणाला?

गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटांवर आमच्या घरी एक वाद पेटला आणि तो अजून विझलेला नाही. निमित्त झाले आमच्या ताईचे. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी तिने जाहीर केले की, येत्या जानेवारीत आपण सायकलवरून अलिबागहून मालवणला जाणार. आठ दिवस, पंधरा-वीस माणसांची टोळी, रोज पन्नास-साठ किलोमीटर, आणि मागून टेम्पो. त्या टेम्पोत सर्वांच्या बॅगा, पाणी, औषधांची पेटी आणि एक सायकल-मेकॅनिक.

हे ऐकताच आमच्या मेहुण्यांनी हातातली चकली खाली ठेवली. चकलीवर त्यांचे किती प्रेम आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना प्रसंगाचे गांभीर्य निराळे सांगायला नको. ते म्हणाले, "ताई, सामान टेम्पोत, पाणी टेम्पोत, मेकॅनिक टेम्पोत, मग तुम्हीच तेवढ्या सायकलवर कशाला? तुम्हीही टेम्पोतच बसा की!"

सगळे हसले. मीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. पुढे ताईबरोबर मीही त्या सहलीला जाऊन आलो, आणि परतल्यापासून मला त्या हसण्याची लाज वाटते आहे. टेम्पोची मात्र मुळीच वाटत नाही. का, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मेहुण्यांचे म्हणणे असे की, प्रवास म्हणजे एकट्याने आणि आपल्या बळावर केलेला. पैसे भरून, पाठीशी गाडी घेऊन केली जाते ती वरात. १९९८ साली ते स्वतः पुण्याहून गोव्याला सायकलवर एकटे गेले होते, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला अधिकाराची धार असते. शिवाय १९२३ साली मुंबईहून जगप्रदक्षिणेला निघालेल्या सहा पारशी तरुणांचा दाखला त्यांच्या ओठांवर तयारच असतो. त्या सहांपैकी तिघे ती प्रदक्षिणा पुरी करून १९२८ मध्ये परतले. त्यांना माझाही दंडवत आहे. पण एव्हरेस्ट चढणारे आहेत म्हणून पर्वतीवर फिरायला जाणाऱ्याला कोणी हसत नाही. मग सायकलवाल्यालाच हा न्याय का?

आणि वरात म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या घरची सर्वांत मोठी यात्रा आठवावी. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. दिंडीचे सामान ट्रकमध्ये असते, तंबू पुढे जाऊन उभे राहतात, स्वयंपाकाची माणसे निराळी असतात, पाण्याचे टँकर बरोबर चालतात. वारकरी दिंडीत भिशी भरतो, म्हणजे पैसेही देतो. ही सोय आजकालची म्हणावी, तर हैबतबाबांनी माउलींच्या पालखीला सोहळ्याचे रूप दिले तेव्हाच अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे आणि तंबू पुरवले होते. आता सांगा, पाठीवर बोचके नाही म्हणून आजवर कोणी वारकऱ्याला खोटा म्हटले आहे काय? पाय त्याचे चालतात, तेवढे पुरे असते. मग ताईचेही पाय चालले आहेत, एवढे पुरे का नसावे?

स्वावलंबनाचे हे वेड टोकाला नेले म्हणजे काय होते, त्याचा दाखला सायकलीच्या इतिहासातच आहे. फ्रान्सची जगप्रसिद्ध शर्यत १९०३ साली सुरू झाली. आंरी देग्रांज हा तिचा जनक. शर्यतवीराने कोणाचीही मदत घ्यायची नाही, असा त्याचा कायदा. १९१३ साली टुर्मालेचा घाट उतरताना यूजेन क्रिस्तोफच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो दहा किलोमीटरांहून अधिक पायी चालला, खालच्या खेड्यातल्या लोहाराच्या भट्टीवर पोचला आणि पंचांच्या डोळ्यांदेखत त्याने स्वतःच्या हाताने चिमटा जोडला. परंतु हात दोनच! म्हणून भट्टीचा भाता एका पोराने ओढला. तेवढ्या मदतीसाठी पंचांनी त्या बिचाऱ्याला दंड केला. आज ही कथा ऐकणारा क्रिस्तोफपुढे मान लववतो आणि पंचांना हसतो. याच देग्रांजचे असेही मत होते की, गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी. त्याच्या शर्यतीत साखळी सरकवणारे गिअर चालू लागले ते १९३७ मध्ये. आमच्या मेहुण्यांच्या सायकलीला एकवीस गिअर आहेत. त्यांबद्दल त्यांना लाज वाटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता कोकणचा रस्ता पाहा. समुद्रकाठचा रस्ता म्हणजे सपाट, अशी घाटावरच्या माणसाची समजूत असते. प्रत्यक्षात सह्याद्रीतून येणाऱ्या नद्यांनी हा किनारा जागोजागी कापला आहे. रस्ता जांभ्या दगडाच्या सड्यावरून खाडीत उतरतो, फेरीबोटीने पैलतीराला जातो आणि पुन्हा सड्यावर चढतो. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड: अशा चार खाड्या आम्ही जंगलजेटीने ओलांडल्या, आणि प्रत्येक खाडीने पुढच्या चढावर आपले भाडे वेगळे वसूल केले. सड्यावर सावली नाही. जानेवारीतही दहा वाजून गेले की ऊन चटके देते. त्यात हवा दमट. घाम वाळला तरच अंग निवते. तिथे तो वाळत नाही, नुसता वाहतो. त्याच्याबरोबर मीठ जाते, आणि अशा वेळी नुसते पाणीच पीत राहिले तर रक्तातले मीठ आणखी विरळ होऊन माणूस आडवा होतो. वेळेवर मीठ-साखरेचे पाणी हाती येणे याला चैन म्हणत नाहीत. तीच गोष्ट दुरुस्तीची. हल्लीच्या पुष्कळ सायकलींच्या ट्यूबला बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह असतो. गावातल्या पंक्चरवाल्याचा सारा संसार मोटारसायकलींवर चालतो, त्याचा पंप त्या व्हॉल्व्हवर बसतच नाही.

धोपाव्याला जेटीवरून उतरलो आणि पुढच्या चढावर ताईचे हात थरथरू लागले. ती उतरली, रस्त्याच्या कडेला बसली. पाठीमागून टेम्पो आला. चालकाने तिला पाणी दिले, सायकल टपावर बांधली आणि चढ संपेपर्यंत तिला पुढच्या आसनावर बसवले. वर पोचल्यावर ती खाली उतरली आणि गुहागरपर्यंत पुन्हा सायकलवर गेली. रात्री जेवताना आमच्यातला एक तरुण हिशेबी माणूस म्हणाला, "काकू, तुमचं अंतर काही पूर्ण धरता येणार नाही हं."

ताई म्हणाली, "अरे, मी अंतर मोजायला आलेच नाही. एकोणचाळीस वर्षांनी उतारावर सायकल सोडून बघायला आले होते. ती सुटली."

हे एकोणचाळीस वर्षांचे गणित त्या मुलाला ठाऊक नव्हते. मला होते. पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई त्या काळात ताई रोज सायकलवर कॉलेजात जायची. १९८६ साली तिचे लग्न झाले आणि सायकल माहेरी राहिली. सासरी कोणी मनाई केली नाही. कोणी विचारलेही नाही. इकडे लेडीज सायकल वापरायची मला लाज वाटे, म्हणून वडिलांनी ती विकली आणि त्या पैशांत भर घालून मला दांडीची सायकल घेऊन दिली. माझ्या सगळ्या स्वावलंबी भटकंतीचा आरंभ हा असा आहे.

आणि इथेच माझा मेहुण्यांशी खरा वाद आहे. ते गोव्याला एकटे गेले, असे ते म्हणतात. त्यांची आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. त्या नऊ दिवसांत तिला न्हाऊ-माखू कोणी घातले? मुलाला शाळेत कोणी पोचवले? दूधवाल्याचा हिशेब, गॅसचा सिलिंडर, आल्यागेल्याचा चहा कोणी पाहिला? तो सारा भार वाहणारा टेम्पो होताच. फक्त तो रस्त्यावर दिसत नव्हता, घरात उभा होता, आणि त्याने भाडेही घेतले नाही. ज्याचा टेम्पो घरी ठेवलेला असतो त्याला आपण एकटे आहोत असे वाटणे फार सोपे असते. ताईसारख्या बाईच्या मागे असा टेम्पो कधीच नसतो, कारण आयुष्यभर ती स्वतःच तो असते. साठीत एकदा तिने पैसे मोजून, उघडपणे, चार चाकांचा टेम्पो मागे घेतला, तर त्यात हसण्यासारखे काय आहे? गाडी मागे आहे म्हणून ती पुढे आहे.

याचा अर्थ असा नव्हे की, टेम्पो असला म्हणजे सगळे साजरे. पाण्याच्या बाटल्यांची खोकी रिती करीत आणि पुण्याहून आणलेल्या पाकिटांवर पोट भरीत किनाऱ्यावरून जायचे असेल, तर कोकणाने आपल्याला काय दिले आणि आपण कोकणाला काय दिले? बॅगा, औषधे, हत्यारे टेम्पोत असावीत; जेवण गावच्या खानावळीत आणि सोलकढी गावच्या नारळाची असावी. दुसरे असे की, टेम्पोचा चालक सर्वांच्या आधी उठतो आणि सर्वांच्या मागून जेवतो. मालवणला किनाऱ्यावर सर्वांचा फोटो काढायचे ठरले, तेव्हा कॅमेरा त्याच्याच हाती देण्यात आला. ताईने तो काढून त्या हिशेबी मुलाच्या हाती दिला आणि चालकाला आपल्याशेजारी उभे केले. मदत घेण्यात कमीपणा नाही. घेतलेली मदत फोटोबाहेर ठेवण्यात आहे.

हे वाक्य मी मेहुण्यांना उद्देशून लिहिले खरे, पण लिहिताना पेन अडखळले. आम्ही मालवणच्या वाळूत फोटो काढत होतो, तेव्हा शहाऐंशी वर्षांच्या माझ्या आईला दुपारचे औषध देत आमची सौ. पुण्यात घरी होती. त्या फोटोत तीही नाही.

येत्या जानेवारीत ताई पुन्हा निघणार आहे. या खेपेला तिच्याबरोबर सौ. जाणार, ती सध्या रोज पहाटे मैदानावर सायकलचा सराव करते आहे. आईच्या औषधांच्या वेळा तिने मला कागदावर लिहून दिल्या आहेत, आणि दूधवाल्याचा हिशेबही समजावून दिला आहे. आठ दिवस टेम्पो होण्याची पाळी आता माझी आहे.