चाक निखळलं, तरी पाच जण वाचले. चिपीने यातून काय घ्यायचं?

कट्टा (ता. मालवण) : चिपी विमानतळावरून पेशंटसाठी एअर अँब्युलन्स मिळावी, असा विषय गावागावात निघतो. मोठं दुखणं आलं की आजही गाडी बांबोळीच्या दिशेने पळवावी लागते, त्यामुळे ही अपेक्षा रास्तच आहे. पण विमान मिळालं म्हणजे सगळं मिळालं असं नाही. नागपूरची 6 मे 2021 ची घटना त्यासाठी नीट समजून घ्यायला हवी.

त्या दिवशी बीचक्राफ्ट सी-90 हे छोटं अँब्युलन्स विमान नागपूरहून उडालं आणि उडतानाच त्याचं एक चाक निखळून खाली पडलं. आत पेशंट, डॉक्टर आणि वैमानिक धरून पाच जण होते. चाक पडताना पाहिलं ते विमानतळावर पहाऱ्याला असलेल्या सीआयएसएफच्या एका जवानाने. त्याने लगेच कळवलं. डंपरचं मागचं चाक डुगडुगायला लागलं की ड्रायव्हरच्या आधी मागच्या दुचाकीवाल्याला दिसतं, तसंच हे.

खबर वेळेत मिळाल्यामुळे पुढचा विचार करता आला. एक चाक नसताना उरलेल्या चाकांवर उतरलं, तर विमान एका बाजूला कलंडण्याची भीती. म्हणून वैमानिकाने चाकं बाहेर न काढता, रात्री मुंबईत विमान सरळ पोटावर उतरवलं. घासून ठिणग्या उडाल्या तरी आग लागू नये म्हणून धावपट्टीवर आधीच फेस मारलेला होता. अग्निशमन दल तयार होतं. पाचही जण सुखरूप बाहेर आले.

सप्टेंबर 2025 मध्ये गुजरातच्या कांडलाहून मुंबईला निघालेल्या स्पाईसजेटच्या विमानाचं चाकही उडताना असंच पडलं. तिथेही काहीतरी खाली पडल्याचं टॉवरवरच्या माणसांना दिसलं होतं. ते विमानही मुंबईत सुखरूप उतरलं.

दोन्ही वेळा वैमानिकाचं कसब होतंच. पण जमिनीवरच्या माणसाची नजर आणि मुंबईची तयारी नसती, तर नुसत्या कसबावर किती निभावलं असतं?

चिपीचा विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला. धावपट्टी अडीच किलोमीटरची, म्हणजे छोट्या विमानाला भरपूर. मात्र विमानतळावर अग्निशमनाची तयारी किती ठेवायची, हे तिथे येणाऱ्या विमानाच्या आकारावरून ठरतं. त्यामुळे छोट्या विमानतळावर मुंबईएवढा फौजफाटा नसणार, हे धरूनच चालावं लागेल.

म्हणून एअर अँब्युलन्सची मागणी करताना लोकप्रतिनिधींना आणखी तीन गोष्टी विचारायला हव्यात. विमान उडण्याआधी चाकं कोण तपासणार? रात्री-अपरात्री अग्निशमनाची माणसं हजर असणार का? आणि पहाऱ्यावरच्या पोराला काही वावगं दिसलं, तर त्याने कोणाला फोन करायचा, हे त्याला आधी सांगून ठेवलंय का?

तिसऱ्या गोष्टीला पैसा लागत नाही. नागपुरात पहिली खबर तिथूनच आली.