मारणाऱ्याच्या जातीचा रकाना कुठे आहे?

पीएचडीआधी मी महिला हिंसाचारविरोधी कार्यक्रमाच्या मूल्यमापनासाठी वस्त्यांमधून प्रश्नावली भरत फिरले. ठरलेला प्रश्न : गेल्या बारा महिन्यांत नवऱ्याने मारले का? एका दलित शेतमजूर बाईने मलाच विचारले, "ताई, मळ्यात मालक अंगाला हात लावतो, ते कुठं लिहिणार?" रकाना नव्हता. अहवालात तिच्या नावापुढे 'हिंसा नाही' आले.

राजस्थानच्या भंवरीदेवी आठवा. कुंभार समाजातल्या, सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमातल्या साथिन. गुज्जर कुटुंबातला बालविवाह रोखायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले. याच प्रकरणातून १९९७ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे आली, देशभरच्या नोकरदार बायांना आधार मिळाला. भंवरीदेवींना न्याय मिळाला नाही. कार्यक्रमाचा परिणाम मोजताना हे कुठे मांडणार?

तक्रारी घटल्या म्हणजे यश, हेही खोटे. तक्रार भीतीने घटते आणि हिंमत आली की वाढते.

आपल्यातले कितीतरी पहिल्या पिढीचे पदवीधर अशा सर्वेक्षणांत राबतात. प्रश्न दुसरेच लिहितात, उन्हातान्हात घरोघर आपण फिरतो. म्हणून प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी हात वर करा आणि विचारा : हिंसा करणारा कोण, त्याची जात कोणती, बाई दलित-आदिवासी असेल तर ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला का, हे प्रश्न यात का नाहीत? उत्तर मिळेपर्यंत हात खाली घेऊ नका.

जय भीम.