डोळ्यांच्या शिबिराचा उतारा किती?



जुलै 2023 मध्ये आळंदी आणि पुणे शहरात डोळे येण्याची साथ आली. अशा वेळी शिबिरे भरतात, "इतक्या बाटल्या वाटल्या" असा अहवाल निघतो. अहो, नुसते गाळप सांगून भागते का? उतारा किती पडला ते बोला!

खुपरीचेच बघा. 1963 पासून देशाने नियंत्रण कार्यक्रम चालविला. 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने यश मान्य केले, ते मलमाच्या ट्यूबा मोजून नव्हे. 1 ते 9 वर्षांच्या मुलांत खुपरी शेकडा 5 च्या आत हवी, हा एक निकष होता.

म्हणून ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर पोरांचे डोळे हंगामाच्या आरंभी आणि अखेरीस तपासावेत, तोंड धुण्यापुरते पाणी मिळते का तेही पाहावे, आणि दोन्ही आकडे वार्षिक सभेपुढे ठेवावेत.