सत्कार फक्त टक्क्यांचाच का?

बारावीचा निकाल लागला की पंधरा दिवसांत आपल्याकडे सत्कारांचा हंगाम सुरू होतो. शादीखान्यात नाहीतर शाळेच्या हॉलमध्ये फ्लेक्स लागतो, 'गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार'. नगरसेवक येतात, एखादे डॉक्टर येतात, जमातीचे सदर येतात. नावं पुकारली जातात आणि प्रत्येक नावापुढे टक्के. ट्रॉफी, पुष्पगुच्छ, फोटो. ज्या घरात आजवर कुणी दहावीच्या पुढे गेलं नाही, त्या घरातल्या पोरीचं नाव माइकवरून ऐकताना तिच्या अम्मीचा चेहरा बघण्यासारखा असतो. त्यामुळे या समारंभांची थट्टा करायचा माझा अजिबात इरादा नाही.

पण अशा कार्यक्रमांना पाहुणा म्हणून गेली काही वर्षं मलाही बोलावतात (सॉफ्टवेअर इंजिनिअर असणं तालुक्याच्या गावात अजून एवढ्या कामाला येतं) आणि दरवेळी एक गोष्ट खटकते. स्टेजवर आम्ही सहा-सात मोठी माणसं शिक्षणाचं महत्त्व सांगतो. ज्यांनी शिक्षण घेतलं, त्यांच्यापैकी एकाच्याही हातात माइक जात नाही. टक्क्यांशिवाय त्यांनी दोन वर्षांत काय केलं, हे कुणी विचारत नाही. कुणी कबड्डीच्या संघात होतं का, कुणी एनएसएसच्या शिबिराला गेलं का, कुणी भित्तिपत्रक चालवलं, कुणी वक्तृत्व स्पर्धेत उभं राहिलं, कुणी स्नेहसंमेलनाचा हिशेब सांभाळला का? आमच्या यादीत त्याचा रकानाच नसतो.

आता तुमच्यातले बरेच जण म्हणतील, भाई, हे सगळं करायला कॉलेज तरी कुठे होतं? खरं आहे. सायन्सच्या मुलांचं ज्युनिअर कॉलेज आता पुष्कळ ठिकाणी फक्त कागदावर उरलंय. नाव एका कॉलेजात, बसायचं क्लासमध्ये. प्रॅक्टिकलपुरतं तोंड दाखवायचं. हे इतकं वाढलं की २०१८ मध्ये राज्य सरकारला ज्युनिअर कॉलेजच्या सायन्सच्या मुलांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा निर्णय काढावा लागला. कॉलेज आणि क्लास यांचे 'टाय-अप' मोडावेत हाच त्याचा हेतू होता. टाय-अप मोडले का, हे तुमच्या गावातल्या क्लासच्या जाहिराती वाचून तुम्हीच ठरवा. जे कॉलेज भरतच नाही, तिथे गॅदरिंग कुठलं आणि खो-खोचा संघ कुठला?

घरच्यांचं गणित मला कळतं. सीईटीला तीन तासांत दीडशे प्रश्न सोडवायचे असतात आणि त्या तीन तासांवर सरकारी कॉलेजची सीट, म्हणजे लाखभर रुपयांचा फरक, अवलंबून असतो. ज्याच्याकडे जमीन नाही, दुकान नाही, ओळख नाही, त्याला टक्के हीच एक शिडी दिसते. मी स्वतः त्याच शिडीने वर आलो. तिच्यावर चढू नका असं सांगणारा माणूस तुम्हाला भेटला, तर त्याच्या घरी काय काय आहे ते आधी बघून घ्या.

माझं म्हणणं वेगळं आहे. शिडी चढून गेल्यावर वर काय लागतं, हे आपण पोरांना सांगत नाही.

पुण्यात आमच्या कंपनीत नव्या मुलांच्या मुलाखती घ्यायचं काम माझ्याकडे असतं. कोडिंगची फेरी पार करून आलेली मुलं समोर बसतात. मी एक साधा प्रश्न विचारतो. चार-पाच जणांनी मिळून केलेलं एखादं काम सांगा, त्यात कुणाचं कुणाशी पटलं नाही तेव्हा तुम्ही काय केलंत तेही सांगा. बरीचशी मुलं गप्प होतात. हुशार असतात, पण आयुष्यात चार जणांबरोबर काही उभं केलेलंच नसतं. पहिलीपासून प्रत्येक जण एकटा परीक्षा देत आलेला.

हे सगळ्याच मुलांचं आहे, फक्त आपल्या नाही. पण आपल्या मुलांना एक कुलूप जास्तीचं असतं. घरात दखनी, रस्त्यावर हिंदी, शाळेत मराठी किंवा उर्दू, मुलाखतीत इंग्रजी. भाषा चार येतात, पण चारचौघांत उभं राहून त्यातल्या एकाही भाषेत सलग पाच मिनिटं बोलायची वेळ कधी आलेली नसते. बोर्डाच्या भाषा विषयांत तोंडी परीक्षेला २० गुण आहेत. बोलण्याला सरकारी किंमत मिळते ती एवढीच, आणि ती परीक्षा प्रत्यक्षात कशी उरकतात हे तुम्ही नुकतंच पाहिलंय.

आणि प्रश्न नोकरीपुरता नाही. मोहल्ल्यात आठवडाभर पाणी आलं नाही, तर नगरपालिकेत जाऊन कोण बोलतं? तेच दोघं-तिघं, पन्नाशी ओलांडलेले. पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक असली तरी तेच. ग्रामसभेत आपली बाजू मांडायला, शाळेच्या व्यवस्थापन समितीत हिशेब विचारायला, सोसायटीच्या सभेत "हा ठराव मला मान्य नाही" एवढं शांतपणे म्हणायला जी सवय लागते, ती डिग्रीत शिकवत नाहीत. ती शाळा-कॉलेजच्या त्या 'फालतू' कामांत लागते, ज्यांना घरी टाइमपास म्हणतात.

मला ती एनएसएसमध्ये लागली. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, सुरू झाली. ती डिग्री कॉलेजपुरती आहे असं पुष्कळांना वाटतं, पण अकरावी-बारावीलाही तिची युनिट्स असतात. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. आमच्या शिबिरात ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंड शिवायचं, एकावर एक रचायच्या. सरांनी खर्चाची वही माझ्याकडे दिली. पहिल्याच दिवशी भाजीच्या पैशांवरून दोन गटांत जुंपली आणि ती मला सोडवावी लागली, कारण वही माझ्या हातात होती. शुक्रवारी जुम्म्याला शेजारच्या गावात जायचं होतं, तर सरांनी सरपंचांकडून सायकल मागून घेतली. सोबत वर्गातले दोघे आले आणि नमाज होईपर्यंत मशिदीबाहेर पारावर बसून राहिले. येताना एकाने विचारलं, आत नेमकं काय म्हणतात रे? मी सांगितलं. त्याआधी अकरा वर्षं आम्ही एकाच शाळेत होतो आणि हा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता, मीही कधी आपणहून सांगितलं नव्हतं. शेवटच्या रात्री गावकऱ्यांसमोर उभं राहून मी सात दिवसांचा हिशेब वाचला. माझ्या आयुष्यातलं पहिलं भाषण ते. त्यात नुसते आकडेच होते.

बारावीनंतर आपली मुलं आपल्याच वस्तीत, आपल्याच धंद्यात, आपल्याच व्हॉट्सअॅप ग्रुपांत जास्त जास्त सापडतात. दुसऱ्या बाजूचंही तसंच होतं. सात दिवस एका ताटाला बसायची संधी पुढे आपसूक मिळत नाही.

पण सगळा दोष पालकांवर आणि क्लासवर टाकून चालणार नाही. शाळांचंही बोलायला हवं. गॅदरिंगला ऐतिहासिक नाटक असलं की अफजलखान कुणाला करायचा हे ठरलेलंच असतं. उंच, धिप्पाड, आडनाव शेख किंवा पठाण. माझ्या एका चुलतभावाने तीन वर्षं अफजलखान केला. चौथ्या वर्षी त्याने नाटकातून अंग काढून घेतलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "तुमच्या मुलांना इंटरेस्टच नसतो." शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान मोठ्या हुद्द्यावर होता, ही भूमिका त्याला कुणी दिली नाही. राष्ट्रीय एकात्मतेच्या देखाव्यात मात्र टोपी घालून उभं राहायला आपला मुलगा हमखास लागतो. ज्या मुलाला स्टेजवर दरवेळी फक्त मुसलमान म्हणूनच उभं करतात, तो पुढच्या वर्षी स्टेजकडे फिरकणार नाही. शिक्षकांशी हे नीट, न चिडता बोलायला हवं. आणि हे बोलायला पालकांपेक्षा तुम्ही, नुकतीच शाळा सोडलेले माजी विद्यार्थी, जास्त योग्य आहात. तुमचं ते ऐकतात.

मुलींचा प्रश्न निराळा. त्या टक्क्यांत पुढे आहेत हे सत्काराच्या रांगेत दिसतंच. पण रात्रीच्या मुक्कामाचं शिबिर म्हटलं की घरात विषय तिथेच बंद. शिबिरात मुलींची राहायची सोय वेगळी असते, सोबत शिक्षिका असतात. पालकांनी एकदा त्यांना भेटावं, जागा बघून यावं. तरीही नाही म्हणाले, तर २४० तासांतलं बहुतेक काम दिवसाचं, गावातलंच असतं, तेवढ्याला तरी हो म्हणवून घ्या. गाणं-नाच नको असं घरात असेल, तर माझं मत काहीही असो, वादविवाद आहे, विज्ञान प्रदर्शन आहे, भित्तिपत्रक आहे, खेळ आहेत. आणि भावांनो, बहिणीच्या बाबतीत अब्बांना समजवायचं काम तुमचं आहे. तुमच्या ट्रिपला परवानगी मागताना तुम्हाला बरोबर शब्द सुचतात.

माझा एक मित्र न्यू जर्सीत असतो. त्याची मुलगी यंदा तिथली बारावी संपवतेय. तिथे कॉलेजच्या प्रवेशासाठी पुष्कळ ठिकाणी जो सामाईक अर्ज चालतो, त्यात मार्कांशिवाय दहा उपक्रम लिहायची जागा असते. ऐकायला छान वाटतं. पण तिथेही त्याचा बाजार झाला. २०१९ मध्ये उघड झालेल्या घोटाळ्यात श्रीमंत पालकांनी प्रशिक्षकांना पैसे चारून, कधी तो खेळ न खेळलेल्या मुलांना खेळाडू म्हणून दाखवलं होतं. म्हणून उपक्रमांना प्रवेशात मार्क द्या अशी मागणी मी करणार नाही. मार्क दिले की त्याचेही क्लास निघतील, आणि त्यांची फी भरणारे आपण नसू.

त्या अर्जातली एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. उपक्रमांच्या यादीत पगारी काम आणि घरची जबाबदारी हेही धरलं जातं. आपल्यातला कितीतरी मुलगा कॉलेज सुटल्यावर अब्बांच्या गॅरेजवर असतो, मटणाच्या दुकानात वजनकाट्यामागे असतो. कितीतरी मुली आजारी दादीचं सगळं करून अभ्यासाला बसतात. ६२ टक्क्यांच्या मागे हे असतं, आणि सत्काराची यादी ७५ वर थांबते. गॅरेजचं बिलिंग सांभाळणाऱ्याला गिऱ्हाइकाशी, उधारीशी, पार्टवाल्याशी रोज बोलावं लागतं. माझ्या मुलाखतीच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे तयार असतं. ते उत्तर आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

तेव्हा ज्या तरुणांच्या हातात यंदाच्या समारंभांचं नियोजन आहे, त्यांनी फॉर्ममध्ये टक्क्यांच्या खाली दोन ओळी रिकाम्या ठेवाव्यात: कॉलेजात काय केलं, घरी काय केलं. पाहुण्यांपैकी दोघांना कमी करावं (मला आधी) आणि तो वेळ पाच-सहा मुलामुलींना द्यावा, प्रत्येकी तीन मिनिटं, कुठल्याही भाषेत. काहींची बोबडी वळेल. वळू द्या, समोर आपलीच माणसं आहेत.

आणि तुम्ही, जे आता बारावी संपवून बाहेर पडताय, तुमची वेळ गेलेली नाही. डिग्रीच्या पहिल्या वर्षाला एनएसएस असतं, बऱ्याच कॉलेजांत एनसीसीही असतं. धाकटी भावंडं अकरावीत येत असतील, तर त्यांना कॉलेजात युनिट आहे का, एवढी चौकशी प्रवेशाच्या खिडकीवरच करायला सांगा. नोंदणी बहुधा कॉलेज सुरू होताच निघते आणि जागा ठरावीक असतात. शिबिरासाठी पालकांचं संमतीपत्र लागतं. त्यावर सही मागायची तर निकालाच्या आठवड्यात मागा, अब्बा खुशीत असतात.